जुन्या अमेरिकी घरवस्तू: काय ठेवावं, कसं पारखावं, कसं वापरात आणावं

ओहायोत डेटनजवळ आम्ही घर घेतलं तेव्हा विकणाऱ्या आजींच्या मुलाने विचारलं, "बेसमेंटमधलं सामान काढून टाकू, की असू दे?" मी गडबडीत "असू दे" म्हटलं आणि पुढचे सहा महिने खाली फिरकलेही नाही. मग एका शनिवारी भंगारवाल्याचा नंबर शोधून ठेवला आणि काय काय न्यायचंय ते बघायला उतरले. कोळशासारखे काळे चार तवे, पेटीतलं शिवणयंत्र, पांढरा अवजड मिक्सर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची भांडी. एक तवा उलटा केला तर त्याच्या पाठीवर 'सिडनी, ओ' असं उठवलेलं (ओ म्हणजे ओहायो). सिडनी हे गाव आमच्यापासून पाऊण तासावर. मिक्सरच्या पट्टीवर ट्रॉय, ओहायो. तेही आमच्याच वाटेवर. फोन राहिलाच.

त्याला आता बारा वर्षं झाली. मधल्या काळात बरंच सामान आलं, बरंच गेलं, आणि ओळखीपाळखीतून फोन येत राहिले: "अगं, जुन्या घरात एक खोकं सापडलंय, फोटो पाठवते, ठेवू का?" त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्याने सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे.

आधी चाळणी

जुनं म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढून टाका. १९५० सालीही टाकाऊ माल बनत होता. फक्त तो तेव्हाच मोडला आणि आज आपल्यासमोर नाही. उरलंय त्यातलंही सगळं ठेवण्यासारखं नसतं. मी तीन प्रश्न विचारते. एक, ही वस्तू स्क्रू-ड्रायव्हरने उघडते का, की रिव्हेट मारून कायमची बंद केली आहे? दोन, अन्नाला जो भाग लागतो तो कशाचा आहे हे मला खात्रीने सांगता येतं का? तीन, पुढच्या महिन्याभरात मी ही वापरणार आहे का? तिसऱ्या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त खोटं बोलतात. मीही बोलले आहे. वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा एक फॉन्द्यूचा संच चार वर्षं माळ्यावर होता.

बिडाची भांडी: इथे वेळ घालवा

अमेरिकेत ज्याला कास्ट आयर्न म्हणतात ते आपलं बीड. आपल्याकडे बिडाचा तवा आणि आप्पेपात्र असतं, तसे इथे स्किलेट (उभ्या कडेचा, दांड्याचा तवा), डच ओव्हन (झाकणाचं जाड पातेलं) आणि सपाट ग्रिडल. जुन्या बिडाला मागणी का, हे हात फिरवल्यावर लगेच कळतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चांगल्या कारखान्यांत ओतकाम पातळ असायचं आणि आतली बाजू घासून गुळगुळीत केली जायची. आजचा सर्वसाधारण बिडाचा तवा जाड असतो आणि त्याला वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा तसाच राहिलेला असतो. मांसाचा तुकडा परतायला त्याने फरक पडत नाही. घावन, आंबोळी किंवा धिरडं घालायचं असेल तर जमीन-अस्मानाचा पडतो.

नावं मोजकीच लक्षात ठेवली तरी पुरे. पेनसिल्व्हेनियातल्या इरी गावची ग्रिसवॉल्ड ही कंपनी, सुरुवात १८६५ची, तिथला कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. तिचा शिक्का म्हणजे दोन वर्तुळांत क्रॉस. तो आकाराने मोठा असेल तर तवा साधारण १९४० च्या आधीचा, बारीक असेल तर शेवटच्या काळातला. आमच्या सिडनीची वॅग्नर, १८९१ पासूनची. तिच्या बहुतेक शिक्क्यांत 'वॅग्नर' आणि 'वेअर' या दोन्ही शब्दांना मिळून पहिलं अक्षर एकच, मोठं. टेनेसीतल्या साऊथ पिट्सबर्गची लॉज १८९६ पासून आजतागायत चालू आहे. तिच्या कितीतरी जुन्या तव्यांवर नावच नाही, पण तळाच्या कड्याला तीन जागी खाच असते, त्यावरून ओळखता येतात. नाव नसलेला तवा म्हणजे हलक्या दर्जाचा तवा नव्हे. उलट घासाघीस तिथेच चांगली होते.

दोन सापळे. 'वॅग्नर १८९१ ओरिजिनल' असं लिहिलेला आणि पाठीवर तेल लावायच्या सूचना असलेला तवा मिळाला तर तो १८९१ चा नाही. कारखान्याच्या शंभरीनिमित्त १९९१ मध्ये तो काढला होता. तवा म्हणून बरा आहे, पण शंभर वर्षांचा म्हणून पैसे देऊ नका. आणि पाठीवर 'मेड इन यूएसए' असेल तर तो सहसा १९६० नंतरचा. लोक नेमके हेच शब्द बघून खूश होतात! त्याआधीच्या तव्यांवर गावाचं नाव असायचं, देशाचं नाही.

दांड्यावरचा आकडा इंच सांगत नाही. तो जुन्या लाकूड-कोळशाच्या शेगडीच्या तोंडाचा नंबर आहे. ८ नंबर म्हणजे वरून साधारण साडेदहा इंच, रोजच्या वापराला हाच घ्यावा. ३ नंबर साडेसहा इंचांचा, फोडणीला झकास.

आता पारख. माठ घेताना टिचकी मारतो तसं बोटाच्या पेराने तव्याच्या कडेला ठोका आणि दांड्याला धरून लोंबकळता ठेवा. घंटेसारखा आवाज लांबला तर ठीक. 'ठप्प' असा मेला आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. कडेवर, दांड्याच्या मुळाशी आणि तेल ओतायच्या चोचीपाशी नीट बघा. मग सपाट काचेवर ठेवून बोटाने एक कोपरा दाबा. भोवऱ्यासारखा फिरला तर तळ बाहेर आला आहे. गॅसवर असा तवा चालून जातो, काचेच्या सपाट शेगडीवर नाही. आतून बसका असेल तर तेल कडेला पळतं आणि प्रत्येक घावन मधोमध कोरडं होतं. रंगही बघा. तवा काळा, करडा किंवा गंजून तांबडा असेल तर चिंता नाही. पण गंज नसताना तांबूस-गुलाबी डाग असतील आणि पृष्ठभाग खवल्यासारखा झाला असेल तर तवा कधीतरी आगीत सापडलेला आहे. त्याच्यावर तेल धरत नाही. सोडून द्या.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. गळाची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक घरच्याच बिडाच्या भांड्यात शिसं वितळवायचे. विशेषतः चोच असलेली छोटी कढई किंवा पातेलं गॅरेजमध्ये हत्यारांच्या कपाटात सापडलं आणि आत चकाकणारे मऊ राखाडी थेंब दिसले, तर ते अन्नासाठी घेऊ नका. घासून शिसं जाईल या भरवशावर राहू नका.

तवा पास झाला की जुना थर काढायचा. शेगडीच्या आगीत टाकणं, ओव्हनचं सेल्फ-क्लीन चक्र लावणं, ड्रिलला तारेचा ब्रश लावून घासणं हे तिन्ही उपाय लोक सांगतात आणि तिन्हींनी तवे मेलेले मी पाहिलेत. पहिल्या दोन्हींत तवा वाकतो किंवा तडकतो, तिसऱ्यात घासून गुळगुळीत केलेली मूळ बाजू खरवडली जाते. माझी रीत कॉस्टिक सोड्याची. झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा टब, ५ गॅलन थंड पाणी, त्यात १ पौंड शुद्ध सोडा. आधी पाणी, मग सोडा हळूहळू. उलटं कधीही नाही, कारण सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. टब मुलं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी. तवा त्यात चार दिवस ते दोन आठवडे पडून राहू दे. लोखंडाला काही होत नाही, थर मात्र चिखलासारखा निघतो. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा लाकडी मूठ या पाण्यात घालू नका. ॲल्युमिनियम विरघळतं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

थर गेल्यावर खालचा गंज दिसेल. निम्मं पाणी आणि निम्मं पांढरं व्हिनेगर यात वीस-तीस मिनिटं, तारेच्या काथ्याने घासायचं, लगेच धुवायचं. रात्रभर ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, आम्ल गंज खाऊन झाल्यावर लोखंड खायला लागतं.

आता तेल. तवा पुसून ओव्हनमध्ये २०० अंश फॅरनहाइटला पंधरा मिनिटं कोरडा करा. हाताला सोसेल इतका गरम असताना साधं कनोला किंवा सूर्यफुलाचं तेल आतून, बाहेरून, दांड्याला चोळा. मग कोरडं फडकं घ्या आणि फरशीवर तूप सांडल्यावर जशी पुसतो तसं ते तेल पुसून काढा. सगळं. तवा कोरडा वाटला पाहिजे. उपडा ठेवून ४५० अंशांना एक तास, नंतर ओव्हनमध्येच गार. असं तीनदा. इथे जवळजवळ प्रत्येकाची चूक एकच होते, तेल जास्त राहतं आणि तवा चिकट होतो. तेलाचा अतिशय पातळ थर तापून कडक, काळा आणि लोखंडाला घट्ट धरणारा होतो. जाड थर नुसता डिंक होतो.

वापरताना रोज थालीपीठ, भाकरी, पोळी, अंडी, परतलेली भाजी बिनधास्त करा. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, कोकम घातलेलं काही त्यात उकळू नका. थर निघतो आणि आमटी काळी होते. साबणाचा थेंब चालतो, त्याची भीती जुन्या काळच्या क्षारयुक्त साबणांमुळे बसली आहे. पाण्यात भिजत ठेवणं आणि डिशवॉशर मात्र नाही. आणि तापलेला तवा गार नळाखाली धरू नका. माझ्या चौघांतला एक असाच गेला. 'टण्ण' आवाज आला, आणि कडेपासून मधोमध चीर. तो आता कुंडीखाली असतो.

काच आणि चिनी मातीसारखं दिसणारं

बीड विसरा, आपल्या लोकांच्या घरात सगळ्यात जास्त सापडतं ते कॉर्निंगचं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काचकारखान्याने १९१५ मध्ये पायरेक्स, म्हणजे ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी, बाजारात आणलं. तिथल्या शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटनने, बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला बूड घेऊन त्यात केक भाजला, तिथून ही कल्पना निघाली.

पायरेक्सबद्दल एक अर्धवट सत्य फिरतं: जुनं म्हणजे बोरोसिलिकेट (ताप सोसणारी खास काच), म्हणजे कधीच फुटणार नाही. खरं असं की कॉर्निंग स्वतःच १९४० च्या दशकापासून बाहेरून रंगीत, आतून पांढऱ्या बोल्ससाठी दुसरी, सोडा-लाइम म्हणजे नेहमीच्या जातीची, कडक केलेली काच वापरत होतं. पारदर्शक बेकिंगच्या भांड्यांत बोरोसिलिकेट जास्त काळ टिकलं. १९९८ मध्ये कॉर्निंगने घरगुती भांड्यांचा धंदाच विकला. ओळखायला भांडं आडवं धरून कडेतून बघा. काच पाण्यासारखी स्वच्छ किंवा किंचित पिवळसर दिसली तर बहुधा बोरोसिलिकेट, हिरवट-निळसर झाक असेल तर सोडा-लाइम. बोरोसिलिकेट तापल्यावर सोडा-लाइमच्या साधारण एक-तृतीयांशच फुगतं, म्हणून ते ताप-गार जास्त सोसतं. तरी गॅसवर कोणतंच ठेवायचं नाही, आणि फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्येही नाही. बारीक ओरखडा असलेली जुनी काच तर नकोच.

रंगीत बोल्सचा संच, पिवळा सगळ्यात मोठा, मग हिरवा, लाल, निळा, हा दिसायला देखणा आहे आणि आत पांढरी काच असल्यामुळे कणीक भिजवायला, कोशिंबीर कालवायला मी वापरते. बाहेरच्या रंगात मात्र शिसं आणि कॅडमियम असू शकतं. म्हणून रंग पिठूळ झालेला, बोटाला लागणारा बोल नको. आणि जो चांगला आहे तो हाताने धुवा. डिशवॉशरने त्याची चकाकी जाते आणि ती परत येत नाही.

कॉर्निंगवेअर ही वेगळी वस्तू. कॉर्निंगमधला डॉनल्ड स्टूकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेचा एक तुकडा तापवत होता, भट्टी ६०० अंशांवर थांबायची ती ९०० अंश सेल्सियसवर गेली. काच वितळून भट्टीचा सत्यानाश झाला असेल असं वाटलं, तर आत पांढरी पाटी. ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली आणि फुटली नाही. त्यातून पायरोसेराम जन्माला आलं आणि १९५८ मध्ये निळ्या तीन फुलांची पांढरी भांडी विकायला आली. ही भांडी थेट गॅसवर चालतात, फ्रिजरमधून ओव्हनमध्ये जातात. मी त्यात दूध तापवते, दही लावते आणि खिचडीही करते. त्याच नावाने नंतर साध्या स्टोनवेअरची, म्हणजे भाजलेल्या मातीची भांडी आली, ती शेगडीवर ठेवली तर तडकतात. म्हणून तळ वाचायचा. 'रेंज अँड मायक्रोवेव्ह' असेल (रेंज म्हणजे शेगडी) तर उत्तम. 'नो स्टोव्हटॉप' असेल तर ते नवं. सगळ्यात जुन्यांवर मायक्रोवेव्हचा उल्लेखच नसतो, कारण तो घरात आला नव्हता. तिथे तळावरचा ठसा बघा. 'पी' ने सुरू होणारे आकडे पहिल्या काळातले, 'ए' ने सुरू होणारे १९७२ नंतरचे. दोन्ही पायरोसेराम.

याच निळ्या फुलांची भांडी हजारो डॉलरला विकली जातात अशा बातम्या तुम्हाला कुणीतरी पाठवल्याच असतील. कोणी हजारो डॉलर मागतं, त्याला ते मिळतात असं नाही. ही भांडी लाखोंनी बनली. चर्चच्या विक्रीत काही डॉलरला मिळतात आणि तीच त्यांची खरी मजा.

आणि कोरेल! १९७० पासूनच्या त्या पातळ ताटल्या किती बॅगांतून पुण्या-मुंबईला गेल्या त्याची गणती नाही. बहुतेक मराठी घरांत अमेरिकेतल्या मामाने आणलेला एक सेट असतोच. त्याबद्दल कंपनीनेच सांगितलंय की २००५ च्या आधीच्या ताटल्या शोभेच्या म्हणून ठेवाव्यात. शंका वरच्या नक्षीच्या रंगाची आहे. आमच्या सासूबाईंना हे सांगणं जड गेलं. त्या ताटल्या आता कुंड्यांखाली आणि चाव्या ठेवायला वापरतात, आणि दर वेळी मला ऐकवतात.

लँकेस्टर, ओहायोच्या अँकर हॉकिंगची फायर-किंग ही हिरवट जेडाइट भांडी बघायला सुंदर आहेत, चहाचे मग वापरायला घ्या. पण नव्या नकला खूप आहेत. वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यूवेलमधल्या होमर लाफलिनच्या जुन्या फिएस्टा ताटल्यांचा तो प्रसिद्ध लालसर-केशरी रंग युरेनियममुळे यायचा. भिंतीवर लावा, जेवायला नको.

शिवणयंत्र

आपल्या आजीचं काळं सिंगर बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं असायचं. अमेरिकेतलं सापडलं तर ते बहुतेकदा न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचं. तो कारखाना १८७३ ते १९८२ चालला. तिथल्याच एडिसन गावात राहणारे मराठी लोक टर्नपाइक महामार्गाने नेवार्क विमानतळावर जाताना रोज त्याच्याजवळून जातात. पाटीवरच्या क्रमांकाची अक्षरं बघा. 'जी' ने किंवा 'ए' पासूनच्या दोन अक्षरांनी सुरू होत असेल तर एलिझाबेथ, 'ई' पासूनच्या दोन अक्षरांनी असेल तर क्लाइडबँक.

ठेवण्यासारखी मॉडेल्स माझ्या मते तीन. २०१ आणि १५-९१ ही लोखंडी, जीन्सच्या चार घड्या सहज शिवतात. आणि २२१, म्हणजे फेदरवेट, १९३३ मध्ये आलेलं, ॲल्युमिनियमचं, साधारण ११ पौंडांचं. रजई शिवणाऱ्या बायका याच्यासाठी भांडतात, त्यामुळे स्वस्त मिळणार नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बऱ्याच घरगुती यंत्रांत नायलॉनचे गिअर आले. जुने झाल्यावर ते तडकतात. अशी यंत्रं कितीही सुंदर दिसली तरी मी हात लावत नाही.

घेण्याआधी चाक आपल्या दिशेने हाताने फिरवा. जड फिरलं तर घाबरू नका, वाळून गोंद झालेलं जुनं तेल असतं ते. अजिबात न फिरलं तरी तेच कारण असू शकतं. घरी आणून सुई, बॉबिन काढा, ब्रशने धूळ-धागे काढा आणि प्रत्येक तेलाच्या भोकात थेंबभर रॉकेल सोडून चाक पुढेमागे करा. दिवसभर थांबा, पुन्हा करा. माझं पहिलं यंत्र चार दिवसांनी सुटलं. मग शिवणयंत्राचंच तेल घाला. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल गंज सोडवायला ठीक, वंगण म्हणून नाही. मोटारवर ग्रीसच्या नळ्या असतील तर त्यांत मोटारचंच ग्रीस, तेल नव्हे. तेल आत गेलं की मोटार धूर सोडते.

टाका सैल पडला तर लगेच ताणाच्या चकतीला हात लावू नका. दहातल्या आठ वेळा सुई उलटी लावलेली असते किंवा बॉबिन दुसऱ्या जातीची. १५ वर्गाची बॉबिन, ६६ वर्गाची बॉबिन आणि फेदरवेटची बॉबिन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिसतात मात्र सारख्या.

विजेवर चालणारं: पिन लावण्याआधी

आमच्या बेसमेंटमधला मिक्सर म्हणजे ट्रॉयच्या होबार्ट कारखान्याचा किचनएड. १९१९ मध्ये त्यांनी घरगुती मिक्सर काढला, १९३७ मध्ये एगमाँट एरन्सने त्याला आजचा गोलसर आकार दिला, आणि १९८६ मध्ये व्हर्लपूलने तो धंदा घेतला. त्याआधीच्या यंत्रांवर होबार्टचं नाव असतं. पुढचं जोडणीचं तोंड फार बदललेलं नाही, त्यामुळे आजची पीठगिरणी किंवा खिसणी जुन्या यंत्राला लागते. कणीक सगळ्यात हळू वेगावरच, आणि पीठ एका वेळी फार नको. तेल गळताना दिसलं तर यंत्र बिघडलेलं नसतं, आतलं ग्रीस जुनं होऊन वेगळं झालेलं असतं. वरचं झाकण उघडा, सगळं जुनं ग्रीस चमच्याने काढा, खाद्ययंत्राचं नवं भरा. उघडलंच आहे तर एक गिअर नीट बघा. जाम झाल्यावर मोटार वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. झिजलाय तर बदला, भाग अजून मिळतो.

कुठलीही जुनी विजेची वस्तू असू दे, क्रम हाच ठेवा. आधी वायर. वाकवल्यावर रबर तडकलं, कापडाचं आवरण सुटलं, तर चालू करून बघायचं नाही, वायरच बदलायची. जुन्या इस्त्री आणि टोस्टरच्या कापडी वायरींत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्या खरवडू नका. मग मल्टिमीटरने पिनेचा प्रत्येक सपाट काटा आणि वस्तूचं धातूचं अंग यांत सलगता (कंटिन्युइटी) आहे का बघा. काटा आणि अंग जुळत असेल तर धक्का बसू शकतो. हे पास झालं की स्वयंपाकघरातल्या टेस्ट-रिसेटची बटणं असलेल्या जीएफसीआय आउटलेटमध्ये लावा. गळती असेल तर ते स्वतःच वीज तोडेल. पहिली दहा मिनिटं तिथून हलू नका, नाक उघडं ठेवा.

टोस्टरांत एकच सांगते, सनबीमचा टी-२०. क्रिकेटशी संबंध नाही, हा १९४९ चा. पाव टाकला की स्वतः हळूच खाली जातो, भाजला की धक्का न देता तसाच वर येतो. वर-खाली करायला मोटार नाही, तापलेल्या तारेच्या लांबण्या-आखडण्यावर सगळा खेळ चालतो. पाव खाली जात नसेल तर बहुतेकदा तळाशी एक स्क्रू किंचित फिरवून काम भागतं. पण या टोस्टरच्या तारांत बंद असतानाही वीज असू शकते. अडकलेला तुकडा काट्याने काढायचा असेल तर आधी पिन भिंतीतून काढा.

झटपट: तांब्याच्या बुडाची पातेली, प्रेशर कुकर

रिव्हियर वेअर १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावात सुरू झालं. स्टीलची पातेली, तांब्याचं बूड. पाठीवर दुहेरी वर्तुळात 'प्रोसेस पेटंट' असेल तर ते १९६८ च्या आधीचं आणि तांब्याचा थर जाड. ते घ्यावं. मूठ हलत असेल तर स्क्रू आवळा. बूड चमकवायला इथल्या लोकांना कसले कसले द्रव विकतात. आपल्याला चिंच आणि मीठ माहीत आहे, पितांबरी तर इंडियन ग्रोसरीत मिळते. कोरडं पातेलं गॅसवर विसरू नका, बूड वाकतं.

विस्कॉन्सिनच्या प्रेस्टोचे जुने कुकर मिळतात आणि रबर, सुरक्षा-बूच हे भागही अजून मिळतात. दोन्ही बदलल्याशिवाय वापरू नका. आणि शिट्टीची वाट बघत बसू नका. त्यावरचं वजन डुलतं, शिट्टी मारत नाही. डुलायला लागलं की आच कमी करायची आणि तिथून मिनिटं मोजायची. आमच्याकडे पहिल्या दिवशी वरणाची पेज झाली, कारण मी तिसऱ्या शिट्टीची वाट बघत होते.

कुठे घ्यावं, कितीला

आजी-आजोबा वारल्यावर किंवा वृद्धाश्रमात गेल्यावर घरातलं सामान विकतात ती इस्टेट सेल ही सगळ्यात चांगली जागा. पहिल्या दिवशी व्यापारी येतात, शेवटच्या दिवशी बहुधा निम्मी किंमत असते. मी शेवटच्या दिवशी जाते आणि थेट बेसमेंट आणि गॅरेज गाठते, कारण चांगली भांडी हॉलमध्ये मांडलेली असतात आणि काळेकुट्ट तवे खाली पडलेले. बिनशिक्क्याच्या ८ नंबरला २० ते ३० डॉलरवर जाऊ नका. घासाघीस चालते, पण मंडईतल्यासारखं निघून जायचं नाटक इथे उपयोगाचं नाही. "हे तीन मिळून किती?" असं विचारलं की पटकन उतरतात. आणि ज्या घरातली आजी आत्ताच गेली आहे तिथे मुलीसमोर किंमत पाडू नका. मी एकदा पाडली होती.

भारतात न्यायचं असेल तर

इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडे २३० आणि ५०. सिंगर आणि किचनएडच्या मोटारी ब्रशच्या आहेत, योग्य ताकदीचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तर ५० हर्ट्झवरही नीट फिरतात. पंखे, जुनी घड्याळं हळू चालतील. टोस्टर नेऊ नका. हजाराहून जास्त वॅट ओढणाऱ्या वस्तूला लागणारा ट्रान्सफॉर्मर त्या टोस्टरपेक्षा जड होतो.

काच आणि पायरोसेराम कपड्यांत गुंडाळून, भांडं भांड्यात न घालता, उभं लावा. बीड हातातल्या बॅगेत नेता येत नाही, इथल्या विमानतळ सुरक्षेची बंदी आहे. चेक-इनच्या बॅगेत चालतं. ८ नंबरचा तवा ४-५ पौंडांचा, म्हणजे ५० पौंडांच्या बॅगेत दोन बसले की बाकीच्यांच्या चॉकलेटांना जागा उरत नाही. तेल लावून वर्तमानपत्रात आणि मग प्लॅस्टिकमध्ये बांधा, नाहीतर पावसाळ्यात मुंबईला उतरेपर्यंत कडा तांबूस झालेल्या असतात.